मागची मंडळी

सांगलीच्या प्रभातवेल मंडळाचे अडतीस सभासद होते आणि त्यांतले सदतीस जण पेरण्याआधी बी वाचून घेत. उरलेले एक म्हणजे उल्हासराव मगदूम. बीजवाचक यंत्र आलं त्या वर्षी मंडळाच्या सभेत त्यांनी उठून सांगितलं होतं, की बी वाचायचं नसतं, पेरायचं असतं. ज्याला वाट बघायची नसेल त्यानं प्लास्टिकची फुलं आणून बाल्कनीत टांगावीत. सभा हसली, चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे जण बियांची पाकिटं घेऊन, यंत्र जिथं ठेवलं होतं त्या रफिक मुलाणींच्या दुकानापुढं रांगेत उभे राहिले.

मंडळाचा नाद एकच, जपानी मॉर्निंग ग्लोरी. आपल्याकडे कुंपणावर निळी गारवेल चढते, तिच्याच कुळातली ही. जपानी लोक तिला असागाओ म्हणतात, म्हणजे सकाळचा चेहरा. पहाटे उमलायचं आणि दहाच्या उन्हात मान टाकायची, एवढंच तिचं आयुष्य. पण दोनशे वर्षांपूर्वी त्या लोकांना तिच्या विचित्र पोरींचं वेड लागलं. कुणाच्या पाकळ्या चिरलेल्या, कुणाची पानं दोऱ्यासारखी, कुणी फूल आहे की पक्ष्याचं पीस तेच कळू नये अशी. पंपांच्या कारखान्यात नोकरीला असताना उल्हासराव तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेले होते आणि घरमालकिणीनं दिलेल्या मूठभर बिया मोज्यात घालून परत आले. बायकोसाठी काय आणलं, या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

त्या बियांच्या अकराव्या पिढीत एका सकाळी विश्रामबागेतल्या त्यांच्या गच्चीवर एक फूल उमललं. पाकळ्यांच्या जागी वळलेल्या जांभळ्या चिंध्या, त्यांच्या मधून आणखी एक फूल, आणि त्याच्याही पोटातून तिसरं. तसं फूल जपानी पुस्तकांतही सापडेना. उल्हासरावांनी ते बराच वेळ न्याहाळलं. मग चहा घेऊन आलेल्या, नुकत्याच झोपेतून उठलेल्या चारुशीलाबाईंच्या डोक्याकडे पाहिलं आणि फुलाचं नाव ‘गुंता’ ठेवलं. बाई आठवडाभर रुसल्या होत्या, पण नाव टिकलं.

अशा फुलाची एक खोड असते. गुंत्याचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर सगळे पाकळ्या होऊन बसलेले असतात, त्यामुळे त्याला बी धरत नाही. मग वाण पुढं चालतो कसा? तर त्याच्या साध्या भावंडांमुळं. ज्या झाडाला बदललेलं जनुक आई-बाप दोन्ही बाजूंनी मिळतं ते गुंता होतं. एकाच बाजूनं मिळालं तर झाड दिसायला चारचौघांसारखं राहतं, निळी भोंग्यासारखी फुलं देतं, पण ते जनुक पोटात सांभाळतं. त्याच्या चार बियांतली एक गुंता होते, दोन पुन्हा सांभाळणाऱ्या होतात, आणि एक अगदी कोरी. म्हणजे देखण्या फुलाचं भविष्य मागच्या रांगेतल्या साध्या कुंड्यांत असतं, आणि त्यांतली सांभाळणारी कुठली, कोरी कुठली, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. उल्हासराव त्यांना ‘मागची मंडळी’ म्हणत.

चारुशीलाबाई हायस्कूलमध्ये गणित शिकवत. दहावीच्या पोरांना संभाव्यता समजावून देण्यात त्यांचा हातखंडा होता. पण तेच गणित आपल्या गच्चीवर चाललंय, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. उल्हासरावांनीही ते सांगितलं नाही; आपला छंद बायकोला ठाऊकच असणार असं नवऱ्यांना वाटत असतं. त्या रोज पहाटे चहा घेऊन वर जात, गुंत्याचं कौतुक करत आणि शाळा गाठत.

आता त्या यंत्राबद्दल. बीजवाचक म्हणजे शिवणयंत्राएवढी पेटी. बियाच्या टोकाला केसाहून बारीक सुई टोचून ती दोन-चार पेशी उचलते. पेशींतला डीएनएचा धागा एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढला जातो. धाग्यावरचं प्रत्येक अक्षर छिद्रातून जाताना विजेचा प्रवाह थोडा वेगळा अडवतं, आणि तेवढ्यावरून यंत्र अख्खी ओळ वाचून काढतं. बी जिवंत राहतं. मग पडद्यावर मंडळानं ठरवलेल्या तीन शब्दांपैकी एक उमटतो: फुलेल, नेईल, किंवा कोरं. कुठला वाण कुणी आणि कधी आणला, हेही यंत्र ध्यानात ठेवतं.

यंत्र आल्यावर सगळं सोपं झालं. पूर्वी पाच-सहा विचित्र झाडांसाठी चाळीस बिया पेराव्या लागत, त्यामुळं गच्च्या, जिने, शेजाऱ्यांची कुंपणंसुद्धा साध्या निळ्या फुलांनी भरत. आता ‘फुलेल’ तेवढ्याच बिया पेरायच्या, ‘नेईल’ अशा दोन-तीन कोपऱ्यात ठेवायच्या, कोऱ्या फेकून द्यायच्या. रुजलेल्या बियांची पहिली दोन पानं बघायला सभासद पहाटे एकमेकांच्या घरी धावत, ते बंद पडलं, कारण आत काय आहे ते सगळ्यांना आधीच ठाऊक असे. भेटले की एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करत. एकट्या उल्हासरावांच्या गच्चीवर मागची रांग तेवढी शिल्लक होती.

यंत्र आल्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, उल्हासरावांना हृदयाचा झटका आला. त्या वर्षी जुनं बी नीट रुजेनासं झालं म्हणून त्यांनी घरात होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलं होतं. गुंत्याचं बी दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तेरा रोपं आली, त्यांतला एक गुंता आणि बारा मागची मंडळी. गुंत्याला कळ्या धरल्या आणि हे अतिदक्षता विभागात.

ऑक्टोबरचं ऊन सांगलीत कुंडीला दोन दिवसांत भाजून काढतं. चारुशीलाबाईंची दवाखाना आणि घर अशी फरफट चाललेली. अंगात उरलेलं सगळं बळ त्यांनी एका कुंडीवर लावलं. तिला सकाळ-संध्याकाळ पाणी, भोवती ओलं पोतं, वर जुन्या साडीची सावली. बाकीची फुलं साधीच तर होती. सहाव्या दिवशी पहिली कळी उमलणार असं दिसल्यावर त्यांनी पहाटे रिक्षा बोलावली, कुंडी मांडीवर घेतली आणि दवाखाना गाठला. दारावरच्या माणसानं अडवलं, पण वॉर्डातल्या सिस्टरनं फूल पाहिलं आणि आत सोडलं.

उल्हासरावांनी उशीवरून मान वळवली. त्यांच्या तोंडावर हसू आलं. मग त्यांनी विचारलं, ‘मागच्या मंडळींना पाणी आहे ना?’

‘त्यांचं राहू द्या हो,’ चारुशीलाबाई म्हणाल्या. ‘हिला जगवली ना मी.’

त्यांनी पुन्हा फुलाकडे पाहिलं. ‘छान केलंस,’ ते म्हणाले. ‘घरी गेलीस की त्यांनाही घाल तांब्या-तांब्या.’

बाईंनी घातलं. बारांतली नऊ झाडं वाळून गेली होती. तीन तगली, आणि पुढं त्यांना बोंडंही धरली. डिसेंबरात बाईंनी त्यांचं बी काढलं, मोजलं, दोनशे बारा भरलं. पाकिटावर फळ्यावरच्या ठळक अक्षरात ‘गुंता’ असं लिहून त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं. उल्हासराव तोवर घरी आले होते, काठी टेकत चालत होते. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं. दोन दिवसांनी ते फिरायला म्हणून बाहेर पडले ते दुपारी जेवायला उशिरा परतले, आणि बाईंनी विचारायच्या आत म्हणाले, ‘चारू, हे बी तुझं. दरवर्षी गौरी गेल्या की वीस पेरायच्या. वीसच, जास्त नाही. कधीतरी येईल गुंता. आणि त्या यंत्राच्या नादाला लागू नकोस.’

मार्चमध्ये दुसरा झटका आला. तो त्यांना सोसला नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांत चारुशीलाबाईंनी साठ बिया पेरल्या आणि एकदाही गुंता आला नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी उल्हासरावांची वही वाचली आणि मागची मंडळी कशासाठी असतात ते त्यांना कळलं. त्यांनी लगेच कागद घेतला. साध्या तीन झाडांतली दोन सांभाळणारी असतात. तगलेली तिन्ही नेमकी कोरी निघण्याचा योग सत्तावीसांत एक. म्हणजे सव्वीस हिस्से आशा. आणि काही बिघडलं असतं तर हे बोलले नसते का? वॉर्डात ते ‘छान केलंस’ म्हणाले होते. बाईंनी तो कागद वहीत ठेवला. साठ बियांत एकही न येण्याचा योग किती, हे दुसरं गणित त्यांनी मांडलं नाही. ते सोडवायला त्यांना दोन मिनिटं लागली असती.

त्या दर सप्टेंबरात वीस बिया भिजवत, पाचव्या दिवसापासून पहाटे वर जाऊन बसत. साध्या रोपाची पहिली पानं आपट्याच्या पानासारखी रुंद असतात, गुंत्याची अरुंद आणि पिळलेली. विसाच्या वीस रुंद निघाली की त्या खाली येत, चहा करत आणि पुढच्या वर्षाची वाट बघायला लागत. खरं सांगायचं तर त्या वाट बघण्यावरच त्यांचे दिवस चालले होते.

चौथ्या वर्षी त्यांच्या लेकीनं, ऋजुतानं, हट्टच धरला. आईनं दिवाळीपर्यंत बंगळुरूला यायचं. बाईंचे गुडघे जिन्यावर साथ देईनासे झाले होते. घराला गिऱ्हाईकही मिळालं. ऋजुताच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला बाल्कनी होती, पण तिच्यात चार कुंड्या मावतील एवढीच जागा. चार कुंड्यांत वीस बिया पेरता येत नाहीत. कुठल्या न्यायच्या हे कळायला हवं. ऑगस्टातल्या एका सकाळी चारुशीलाबाईंनी उल्हासरावांच्या फोटोला सांगितलं, की तुमचा शब्द मोडते आहे, रागावू नका. आणि पाकीट घेऊन त्या रफिक मुलाणींच्या दुकानात गेल्या.

रफिकभाई मंडळाचे सचिव. उल्हासरावांशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती, भांडणासकट. त्यांनी वहिनींना स्टूल दिलं, लेकीची चौकशी केली, गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं ते सांगितलं. पाकीट पाहिल्यावर मात्र म्हणाले, की यंत्र बिघडलंय, माणूस पुण्याहून यायचाय. बाईंना यंत्राचा हिरवा दिवा समोर दिसत होता. तीस वर्षं वर्गात खोटी कारणं ऐकलेल्या बाईपुढं असली थाप टिकणार थोडीच.

‘रफिकभाऊ, लावा ते,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, उल्हासदादांनी सांगितलंय तशा पेरा की. कशाला यंत्राच्या मागं लागताय?’

‘मला चारच कुंड्या आहेत.’

रफिकभाईंनी आणखी दोन-तीन सबबी काढल्या. शेवटी बाईंनी स्वतःच एक बी खाचेत ठेवलं आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. पडद्यावर आधी निकाल आला नाही, सूचना आली: हे बी पूर्वी वाचलेलं आहे. खाली तारीख होती, उल्हासराव जेवायला उशिरा आले त्या डिसेंबरातली. आणणाऱ्याचं नाव उ. मगदूम. वाचलेल्या बिया दोनशे बारा. फुलेल, शून्य. नेईल, शून्य. कोरं, दोनशे बारा.

चारुशीलाबाईंनी ते दोनदा वाचलं. रफिकभाई खाली बघत उभे होते.

‘तुम्हाला माहीत होतं,’ त्या म्हणाल्या.

‘होय, वहिनी.’

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी उल्हासदादा धापा टाकत आले. नऊ झाडं वाळलेली पाहिल्यापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बी वाचायला दिलं. एकेक करत दोनशे बारा बिया वाचायला अडीच तास लागले, आणि ते शेवटच्या बीपर्यंत तिथून हलले नाहीत. निकाल पाहिल्यावर इथंच स्टुलावर बसून राहिले. रफिकभाईंनी चहा मागवला, तो गार झाला.

‘मी म्हटलं, वहिनींना सांगा, त्यांचा काय दोष. तर म्हणाले, तिनं ती कुंडी मांडीवर घेऊन आणली होती रे. ते तिला तसंच राहू दे. मग बोटांवर मोजलं त्यांनी. म्हणाले, वीस-वीस पेरल्या तर दहा वर्षं पुरतील. तोवर ती सावरेल.’

चारुशीलाबाईंना दहा वर्षांचा हिशेब लगेच कळला. दोनशे बाराला वीसनं भागून वर बारा उरतात. आपण मरणार हे त्या माणसाला ठाऊक होतं. फूल परत येणार नाही हेही ठाऊक होतं. आणि त्यानं काठीवर भार देऊन त्या स्टुलावर बसून आपल्या बायकोसाठी दहा सप्टेंबर बाजूला काढून ठेवले होते. त्यांनी तोंडाला पदर लावला. रफिकभाई दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर बाईंना राग आला. एवढा राग त्यांना उल्हासराव जिवंत असतानाही कधी आला नव्हता. डिसेंबर ते मार्च, तीन महिने हा माणूस समोर बसून जेवला, औषधं घेतली, अक्षराचं कौतुक केलं. मी मारलं तुमचं फूल, असं म्हणून त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला तिला तीन महिने होते. ते त्यानं तिला कळूच दिले नाहीत. त्यानं माफ केलं होतं, पण माफी मागायची संधी दिली नव्हती. आता ती कुणाकडे मागायची?

ऋजुतानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि ती रडलीही. मग तिच्या पिढीला सुचतं ते तिनं सुचवलं. बाबांच्या वहीत गुंत्याची वाळवलेली पाकळी आहेच. बंगळुरूतल्या प्रयोगशाळा त्यातलं जनुक वाचून साध्या झाडात जसंच्या तसं लिहून देतात. मेलेले गुलाब, हरवलेले आंबे लोक असेच परत आणतात. आठ महिन्यांत गुंता बाल्कनीत येईल, आई.

‘येईल गं,’ चारुशीलाबाई म्हणाल्या. ‘पण मी केलं ते त्यामुळं न केल्यासारखं होईल का?’

पाकळी वहीतच राहिली.

गौरी गेल्या त्या दिवशी बाईंनी पाकिटातल्या उरलेल्या एकशे बावन्न बिया एकदम भिजवल्या. वीस-वीस नाहीत. आपल्याला पुरवून पुरवून दिलेली आशा त्यांना नको होती. कुंड्या पुरेनात तेव्हा त्यांनी मंडळाच्या सभासदांकडून मागवल्या. यंत्र आल्यापासून त्यांच्याकडे रिकाम्या कुंड्यांचे ढीग पडले होते. रफिकभाईंनी माती आणून दिली, काठ्या बांधून दिल्या. कोऱ्या बियांवर एवढी मेहनत कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही.

एकशे एकेचाळीस रुजल्या. पाचव्या पहाटेपासून चारुशीलाबाई गुडघे धरत वर जात आणि प्रत्येक रोपाची पहिली दोन पानं बघत. सगळी रुंद असणार हे यंत्रानं सांगून झालं होतं, रफिकभाईंनी सांगून झालं होतं. तरी त्यांनी एकशे एकेचाळीस जोड्या पाहिल्या. सगळी रुंद होती.

ऑक्टोबराच्या मध्यावर गच्ची निळी झाली. कठडा, टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, काही दिसेनासं झालं. बातमी फिरली आणि मंडळाचे सभासद पहाटे यायला लागले. साधी फुलं एवढ्या संख्येनं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कुणी थर्मासमधून चहा आणला, कुणी उप्पीट. मंडळाला पुन्हा उल्हासरावांचे दिवस आल्यासारखं वाटलं. वहिनी, कमाल केलीत, असं जो तो म्हणत होता, आणि चारुशीलाबाई हसून मान डोलावत होत्या. रफिकभाई तेवढे त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

महिनाअखेरीस सामान बांधून झालं. घराचे नवे मालक सोमवारी गच्चीवर पत्रे घालणार होते. जायच्या सकाळी सात वाजता टेम्पो दारात लागला. ऋजुता खाली खोकी मोजत होती. बाई एकदा वर जाऊन येते म्हणाल्या.

वर कुणी नव्हतं. त्यांनी बादली भरली, तांब्या घेतला आणि भिंतीकडच्या रांगेपाशी, जिथं ती नऊ झाडं वाळली होती तिथं, उभ्या राहिल्या.

‘अहो, मी यांना पाणी घातलं नव्हतं,’ त्या मोठ्यानं म्हणाल्या. ‘सहा दिवस घातलं नव्हतं. मला माफ करा.’

बादलीत तांब्या बुडवत त्या म्हणाल्या, ‘एकदा रागवायचं होतं तुम्ही. मी रडले असते. झालं असतं.’

एवढं बोलल्यावर त्यांना रडू आवरेना. त्यांनी ते आवरलंही नाही. तशाच रडत त्यांनी पहिल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बादली सहा कुंड्यांत संपे, त्या परत नळाशी जात. खालून टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. ऋजुता जिन्यापर्यंत येऊन हाक मारायची थांबली आणि परत खाली जाऊन त्याला म्हणाली, की अजून वेळ लागेल. पाणी एकशे एकेचाळीस झाडांना पुरतं घालायचं तर दोन तास तरी जाणार होते, आणि त्या पाण्यावर झाडं फार तर दोन दिवस जगणार होती.